थोरलेपण दिराच्या पदरात घातलं

थोरला मुलगा झाला की आमच्या घरात पेढे वाटतात. ते एकदाच. त्यानंतर वाटायचं काम जन्मभर त्या थोरल्याचं आणि खायचं काम धाकट्याचं. ही तक्रार नाही. तक्रारीचे दिवस गेले. मी उट्टं काढलं आहे, आणि ते असं बेमालूम जमलं की कुणाला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही.

मी बुऱ्हाणपुरात, बुधवाऱ्यातल्या एका देवभोळ्या घरात थोरली सून म्हणून आले. देवभोळं म्हणजे किती, तर दूध उतू जायला लागलं तरी सासूबाई आधी हात जोडायच्या आणि मग गॅस बंद करायच्या. एकादश्या, पक्ष, पोथ्या सगळं होतंच, पण सगळ्यांच्या वर बसलेली होती कानबाई. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. खानदेशात आणि आमच्या तापीकाठी नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी घरात मांडतात. देवी म्हणजे नारळ. त्याला डोळे, नथ, साडी, कण्हेरीची फुलं, आणि सोमवारी वाजतगाजत निरोप. कुणी दरवर्षी नवा नारळ घेतात. आमचा पिढ्यान्‌पिढ्या तोच, वाळून लाकूड झालेला. त्याला रविवारी पहाटे तापीवर आंघोळ घालून आणायचं, आणि सोमवारी आरती झाली की परत देव्हाऱ्यात.

ही आंघोळ घालायची थोरल्याने. नारळ ओटीत घेऊन राजघाटापर्यंत अनवाणी जायचं, ओल्या धोतराने परत यायचं, देवी मांडायची आणि दिवसभर पाण्याचा थेंब न घेता तिच्यासमोर मुख्य पाटावर बसायचं. एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते. ज्याच्या हातून देवीने आंघोळ घेतली, त्याच्यामागे ती बारा महिने. रोज सकाळी त्याच्याच हातचा दिवा, दिवा लागेपर्यंत त्याने तोंडात काही घालायचं नाही, बाहेरचं शिजवलेलं खायचं नाही, आणि रात्र घराबाहेर काढायची नाही, कारण देवी एकटी निजत नाही. जिवंतपणी तिला दुसऱ्याच्या ओटीत घालायचं नाही. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले, तेव्हा ती यांच्याकडे आली. यांच्याकडे म्हणजे माझ्या नवऱ्याकडे.

आता माझी हकीकत ऐका. लग्न होऊन आले तेव्हा मी इतकी खुळी होते की मला हा सगळा आपला मान वाटला. नाकापेक्षा नथ मोठी, आणि अकलेपेक्षा मान उंच. पहिल्या वर्षी यांच्यामागून कलश घेऊन राजघाटावर निघाले तेव्हा वरातीतल्या घोडीसारखी चालत होते. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरच्या बायका बघत होत्या, आणि मला वाटलं हेवा करत आहेत. हेवा कसला, त्या बिचाऱ्या चहा पीत होत्या.

कानबाईचे रोट असतात. दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे आणि त्या पिठाचे रोट करायचे. बायकांची मूठ धरत नाहीत, बायकांचे हात तेवढे धरतात. त्यातला पहिला रोट थोरल्या सुनेला. सासूबाईंनी तो सगळ्यांदेखत माझ्या पदरात घातला आणि माझे डोळे भरून आले. पुढे कित्येक वर्षांनी माझ्या ध्यानात आलं की तवा नीट तापलेला नसतो, म्हणून पहिला रोट नेहमी खाली करपतो आणि वर कच्चा राहतो. तो कुणाला तरी द्यायलाच लागतो. मी तो डोळे मिटून, प्रसाद म्हणून, चावून चावून खाल्ला. त्या पोरीला आज भेटले तर आधी एक चापट मारीन आणि मग नंतरचा नीट भाजलेला, मऊ रोट हातात देईन.

हे शाळेत मास्तर होते. वर्षाचे बारा महिने केस ओले आणि पोट रिकामं अशा अवस्थेत शाळेत जायचे. माझं माहेर दापोऱ्याला, हाकेच्या अंतरावर, पण तिथेही कधी रात्रीचे राहिले नाहीत. माझे वडील गेले तेव्हासुद्धा दिवसभर बसले आणि अंधार पडता पडता सायकलीवर टांग टाकून निघाले. मी दारात उभी राहून भावजयांना अभिमानाने सांगत होते की आमच्याकडे देवी असते ना. बाप अंगणात ठेवलेला, आणि माझा तोरा बघा.

आणि धाकटे? माझे दीर इंदूरला नोकरीला. कानबाईला न चुकता यायचे, पण कधी? सगळं मांडून झाल्यावर, पुरण वाटून झाल्यावर, उन्हं वर आल्यावर. इस्त्रीचा कुडता, अत्तर, गळ्यात कॅमेरा. देवीसोबत फोटो काढायचे, पहिल्या पंगतीला बसायचे आणि कटाच्या आमटीत मीठ कमी आहे म्हणायचे. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून लाडात म्हणायची, "मला सोवळ्यातलं काहीच येत नाही ना ताई." सासूबाई म्हणायच्या, असू दे गं, शहरातली आहे. जशी मी नदीतून वाहत आले होते.

मग यांना जबलपूरचं बोलावणं आलं. मोठी शाळा, हेडमास्तरची जागा. यांना मनातून जायचं होतं. मला कसं कळलं? रात्री जेवताना भातावर बोटाने रेघा काढायचे, तिकडचं घर कसं असेल त्याच्या. यांनी, रीत मोडून का होईना, सगळ्यांसमोर धाकट्या भावाला विचारलं की काही वर्षं देवी तू नेशील का. सासरे गेलेले, सासूबाई होत्या. त्या धाकट्याकडे बघत राहिल्या. धाकटे हसले आणि म्हणाले, "दादा, मी धाकटा. धाकट्याच्या हातचं देवाला पोचत नाही."

यांनी जबलपूरला नाही कळवलं. पुन्हा त्या गावाचं नाव घरात निघालं नाही. मी मात्र ते वाक्य उचलून ठेवलं. लोणच्याच्या बरणीसारखं दादरा बांधून, अंधारात, मुरायला.

त्यात नंतर बरंच पडत गेलं. शेवटच्या वर्षी यांचे गुडघे पार गेले होते. नारळ ओटीत घेऊन ऑटोत बसले आणि राजघाटावर गेले. परत आले तर पाटावरून उठता येईना. आणि हे धाकटे, जेवून हात पुसत, भाऊबंदांच्या देखत म्हणाले की दादाचं आता काय राहिलं नाही, देवीला ऑटोत फिरवतो. सगळे हसले. हेही हसले. मी नाही हसले. हे गेले त्याच थंडीत.

सुतकाचं वर्ष. देवी पांढऱ्या कापडात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवली, दिवा नाही की पूजा नाही. वर्ष सरलं की येणाऱ्या श्रावणात ती माझ्या थोरल्या मुलाच्या ओटीत जायची. तो दापोऱ्याच्या बाजूला केळीची रोपं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला. हुशार आहे, म्हणजे माझ्यावर गेलेला नाही. त्याला केरळातून बोलावणं आलं. तिकडे केळीच्या इतक्या जाती आहेत म्हणे की आपण बुऱ्हाणपूरवाले उगाच मिशीला पीळ देतो. दोन दिवस तो मोबाईलवर त्या लाल केळांचे फोटो बघत होता. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "आई, मी मना करतो त्यांना. कानबाईचं कोण करेल?"

हुबेहूब बापाचा आवाज. भातावर रेघा तेवढ्या काढायच्या बाकी होत्या.

मी त्याला म्हटलं, श्रावणापर्यंत थांब, नाही म्हणू नको आणि हो पण म्हणू नको. मग मी माझ्या खोलीत जाऊन त्या बरणीचा दादरा सोडला.

कारण दीर आता निवृत्त होऊन बुऱ्हाणपुरातच परतले होते. लालबागच्या बाजूला नवीन बंगला, दारात तुळस, फाटकावर ॐ. थोरला भाऊ गेला, म्हणजे घरात वडीलधारे आता तेच, आणि भेटेल त्याला ते हेच सांगत होते. एक गोष्ट मात्र त्यांना ठाऊक नव्हती. त्यांना वाटायचं की देवीचं सगळं जन्माने ठरतं, जो थोरला जन्मला त्याच्या गळ्यात. तसं नाही. ते आंघोळीने ठरतं. घराण्यातल्या ज्या पुरुषाच्या हातून ती तापीत न्हाली, त्याची ती झाली. आजवर थोरलाच न्हाऊ घालत आला, म्हणून ती थोरल्याकडे राहिली, एवढंच. हे भाऊबंदांतल्या सगळ्यांना माहीत होतं. पण जन्मात कधी पहाटे हजर न राहिलेल्या माणसाला कुठून कळणार?

कानबाईचे गहू निवडायला भाऊबंद आमच्याकडे जमतात. त्या दिवशी दीर आले आणि लोडाला टेकून त्यांनी जाहीर केलं की यंदापासून मुख्य पाटावर ते बसतील. मान वयाचा असतो. तापीवर जाणं, मांडणं वगैरे पोरगा करेलच, थोरल्याचा थोरला आहे. मला हेच हवं होतं. मी गव्हातले खडे बाजूला करत, मान वर न करता म्हटलं की पाट त्याचाच, जो तापीवर जातो, अशी रीत आहे. आणि मग जरा हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "राहू द्या भाऊजी, तुमच्याने नाही व्हायचं ते."

दिरांना मी फार वर्षांपासून ओळखते. त्यांना जे ताटात वाढलं ते नको असतं आणि जे झाकून ठेवलं तेच हवं असतं. त्यांचे कान लाल झाले. म्हणाले, का नाही होणार, नदी काय माझी नाही? मी म्हटलं अनवाणी जायचं असतं. म्हणाले, जाईन. मी म्हटलं, नको भाऊजी, तुमची तब्येत, शिवाय पोराने धोतर धुऊन ठेवलंय. म्हणाले, तुम्ही मला मागे का ओढता, दादा गेल्यावर हे तुमचं राज्य झालं का?

आमच्या भाऊबंदांत सगळ्यात म्हातारे एक आबा आहेत. तंबाखू मळता मळता ते थांबले. माझ्याकडे बघितलं. मी गहू निवडत होते. आबांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. ऑटोचं बोलणं त्यांनीही ऐकलेलं होतं. त्यांनी तंबाखू दाढेखाली ठेवली आणि सगळ्यांदेखत रीतसर विचारलं, "नीट इचार करून सांग रे. देवी तू घेतो?"

"घेतो म्हणजे घेतोच," दीर म्हणाले.

त्या रात्री पोरगा माझ्यामागे लागला की काकांना सगळं माहीत आहे ना, हे ठीक नाही आई. मी म्हटलं, काका इंदूरला राहिलेले, आपल्यापेक्षा जास्त शिकलेले, त्यांना माहीत नसेल का? तू केरळवाल्यांना होकार कळव आणि छत्री चांगली घे, तिकडे पाऊस फार.

हे असते तर हे झालं नसतं. ते म्हणाले असते, सोड ना, जाऊ दे. म्हणून तर ते असेपर्यंत मी काही केलं नाही.

रविवारी पहाटे दीर आले. पहाटेचं बुऱ्हाणपूर त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं. मी यांचं सोवळं दिलं, ते कमरेला पुरेना, मग दोरी बांधली. नारळ ओटीत घातला. राजघाटाच्या वाटेवर बारीक खडी पडलेली होती. खोटं सांगत नाही, ती मी टाकली नव्हती, पण बघून बरं वाटलं. दीर एक पाऊल टाकायचे आणि थांबायचे, जसं प्रत्येक खड्याला नाव विचारत आहेत. श्रावणातली तापी गढूळ आणि गार. बुडी मारून वर आले तेव्हा दात वाजत होते. मी पायरीवर उभी होते, अगदी कोरडी.

मग दिवसभर पाटावर. पुरणाचा वास येतोय, पंगती उठतायत, आणि मुख्य मानकरी ओल्या धोतरात, पाण्याविना. जाऊने उत्साहाने फोटो काढले. दुपारनंतरच्या फोटोंत त्यांचा चेहरा देवीपेक्षा सुकलेला आहे. एकदा त्यांनी मला खुणेने विचारलं की पाणी? मी कानाला हात लावून देवीकडे बोट दाखवलं. त्या दिवशी आमटीत मीठ कमी होतं की जास्त, हे त्यांनी सांगितलं नाही.

सोमवारी आरती झाली. दीर उठले, पाठ ताणली, म्हणाले की चला, पार पडलं, आता घरी जाऊन आडवा होतो. त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली तेव्हा आबांनी नारळ उचलला आणि त्यांच्या उपरण्यात ठेवला.

"घरी ने," आबा म्हणाले. "आता ती तुझी."

दीर हसले. कुणीच हसत नाही असं बघून त्यांचं हसू अर्ध्यातच राहिलं. आबांनी त्यांना सगळं सांगितलं, एकेक नेम, शांतपणे, जसं वैद्य पथ्य सांगतो. रोजचा दिवा. रिकामं पोट. बाहेरचं अन्न वर्ज्य. रात्र घरीच. मरेपर्यंत. दीर भाऊबंदांकडे बघत होते, की कुणीतरी म्हणेल, गंमत केली. मग माझ्याकडे वळले.

"वहिनी, हे तुम्हाला माहीत होतं."

"तुम्हीच तर म्हणायचात, धाकट्याच्या हातचं देवाला पोचत नाही," मी म्हटलं. "पोचलं बघा. चांगलं ठणठणीत पोचलं."

ते पुरते अडकले. सगळ्यांसमोर घेतो म्हणजे घेतोच म्हणून बसलेले. फाटकावर ॐ लावलेला माणूस देवी नको म्हणणार कसा? उपरण्याची दोन्ही टोकं धरून ते ओट्यावरून उतरले. मी त्यांना ऑटो करून दिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून जाऊचे फोन सुरू झाले. नैवेद्याचं भांडं वेगळं का, लसूण चालेल का, बिस्किट हे बाहेरचं अन्न धरायचं का. मी विधवा, पूजेला माझा हात चालत नाही, पण माझे नियम चालतात. मी तिला सावकाश, प्रेमाने, सगळं शिकवलं. काही नेम सासूबाईंचे होते. काही मला त्याच वेळी सुचले, फोन कानाला धरल्यावर. मंगळवारी पापड भाजायचा नाही, असं मी का सांगितलं ते मलाच कळत नाही. ती बिचारी लिहून घेते. आता तिला सोवळ्यातलं सगळं येतं.

दिवाळीआधी त्या दोघांची सहलीची तयारी झालेली होती. मित्रमंडळींबरोबर दक्षिणेत, समुद्र वगैरे. दिरांनी डोक्यावर घालायला गोल टोपी घेतली होती. मित्र गेले, टोपी राहिली. माझा मुलगा मात्र गेला. गाडी सुटताना मला खिडकीतून म्हणाला की काकांचं वाईट वाटतं. मी म्हटलं वाटू दे, तेवढंच कर, त्यापलीकडे काही करू नको. आता रविवारी तो फोन करतो. परवा सांगत होता की तीन दिवस कुठल्या डोंगरात होता, केळीच्या रानटी जाती बघायला, रात्री एका शेतकऱ्याच्या घरी झोपला. रात्री, दुसऱ्याच्या घरी.

गेल्या आठवड्यात दीर आले. बारीक झाले आहेत, खरं सांगायचं तर शोभतं त्यांना. केस ओले होते. हातात इतवाऱ्यातल्या मावा जलेबीचा पुडा, माझ्यासाठी. खुर्चीच्या अगदी कडेला बसले. आधी माझी तब्येत विचारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाले की वहिनी, जुन्या प्रत्येक रीतीला काहीतरी तोड असते. आबांना काही आठवत नाही. आईने तुम्हाला सांगितलं असेल. देवी सोडवायची काही वाट असेल ना?

आहे. सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात मला सांगितलेली, फक्त मला. अवघड मुळीच नाही, एका सकाळचं काम आहे. पण सोडवलेली देवी फिरून थोरल्याच्या थोरल्याकडे येते, हेही त्यांनी सांगितलं होतं.

मी पुडा सोडला. जलेबी अजून कोमट होती, तुपाने कागद पारदर्शक झालेला. दिरांनी नजर दुसरीकडे वळवली, बाहेरचं अन्न ना. मी एक तुकडा मोडला, तोंडात घातला, पाक बोटावरून ओघळू दिला.

"वय झालं भाऊजी," मी म्हटलं. "सगळं विसरायला होतं. आठवलं की सांगीन."

ते बसून राहिले. मी दुसरी घेतली.